उलट सांगावा

व्यंकटीदादा,

पावसानं ओढ दिली, सोयाबीन माना टाकून बसलं, तवा मीच तुला तेलंगणात सांगावा धाडला, "मेंढरं घेऊन ये, माझं रान चारून घे." आता पाऊस झाला अन् पीक पुन्हा तरारलं. तुझा फोन लागंना, म्हणून येऊ नको असं लिहून देगलूरच्या टेम्पोवाल्याच्या हाती द्यायला बसले. तेवढ्यात तोच दारात आला. म्हणाला, "तुमचा भाऊ वाटंला लागलाय. मेंढरं लई खंगलीत."

आता हे पत्र देत न्हाई. बांधाकडचं अर्धं रान मेंढरांना ठेवलंय. हिरवं पीक बघून तू आत शिरायचा न्हाईस, ठाऊक हाय मला. पहिलं मेंढरू मीच आत हाकीन.

तुझी धाकटी,
चांगुणा