मेहुण्याचे कान

गुरुवार, २ मार्च. संध्याकाळी ६.

बायको तिच्या भावाकडे राहायला गेली त्याला आज बारा दिवस झाले. जाताना दारात एकच शब्द बोलली. संपलं.

मी डगमगलेलो नाही. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारा माणूस या शब्दाला घाबरत नाही. उदाहरणार्थ 'तेवीस'. (नोंद असावी म्हणून: माझ्या सर्वांत लाडक्या रेकॉर्डची दुसरी बाजू. अख्ख्या बाजूवर एकच रचना, तेवीस मिनिटांची. म्हणून घरात तिचं नाव तेवीस.) तर तेवीसमध्ये चौदाव्या मिनिटाला सगळी वाद्यं गप्प होतात. चार सेकंद चिडीचूप. नवख्या माणसाला वाटतं, संपलं. तो उठून चहा टाकायला जातो. आणि मग जो काही ऑर्गन येतो!

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. म्हणजे हिशोब बरोबर जुळतो.

शुक्रवार, ३ मार्च. दुपारी, दोन पेशंटच्या मधे.

मेहुण्याचा फोन आला. रविवारी टेम्पो घेऊन येतोय, ताईचं सामान न्यायला. सामान म्हणजे सहा खोकी आणि शिलाई मशीन.

मेहुणा तसा भला माणूस. टायरचं दुकान आहे, चाकं बॅलन्स करून देतो. दोष एकच, क्लासिक रॉक. साडेतीन मिनिटांचं गाणं, दोन कडवी, मधे गिटार, परत तेच कडवं, झाले मोकळे. बहीणभाऊ दोघंही वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर हेच ऐकत वाढले. हिचं गुणगुणणं मी सहा वर्षांत बंद करत आणलं (हळूहळू, प्रेमाने). भाऊ राहून गेला.

योजना: एका रविवारी एकच खोकं द्यायचं. खोक्यामागे रेकॉर्डची एक बाजू ऐकायची. सहा रविवारांत मेहुण्याचे कान तयार होतील. मग तोच बहिणीला सांगेल की ताई, भावोजींना आपण ओळखलंच नाही. आणि ती परत येईल. यात न जमण्यासारखं काही दिसत नाही.

हिची जुनी तक्रार अशी की तू ऐकत नाहीस. मी कान तपासणीच्या सेंटरवर काम करतो. पेशंट काचेच्या खोलीत बसतो, कानाला हेडफोन, बीप ऐकू आली की बटण दाबायचं. मागच्या वर्षी मी स्वतः आत बसलो आणि बाहेर सेंटरच्या बाईंना बसवलं. दोन्ही कान नॉर्मल निघाले. तपासणीचा आलेख फ्रिजवर लावला. त्यावर ही काही बोलली नाही. मुद्दा पटला असावा.

रविवार, ५ मार्च. दुपारी १.

पहिली बैठक. थेट तेवीसपासूनच सुरुवात केली, उगाच लाड नकोत.

मेहुणा खुर्चीच्या टोकावर, हात गुडघ्यांवर. तिसऱ्या मिनिटाला विचारलं, गाणारा कधी येणार. म्हटलं सहाव्या मिनिटाला. सहाव्या मिनिटाला गाणारा आला, चार ओळी म्हणून गेला. मेहुणा म्हणाला, गेला कुठे? मी नुसता हसलो. सुरुवातीला मीही असाच होतो.

एक व्यत्यय. बरोबर चौदाव्या मिनिटाला, त्या चार सेकंदांत, दाराची बेल वाजली. एकदाच. कुरिअरवाले असतील, यांना वेळकाळ नाही. मेहुणा ताडकन उठला. मी त्याचं मनगट धरून खाली बसवलं. म्हटलं, आत्ता ऑर्गन येतोय, आत्ता कोणी उठत नाही. तो दाराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. चेहरा पडला होता. ऑर्गनचा परिणाम. पहिल्यांदा असंच होतं.

खालच्या मजल्यावरच्या आजीही काठीने छताला ठोकत होत्या. रस आहे त्यांना, पण ठोकतात चारच्या ठेक्यात. ताल सातचा आहे हे कोणीतरी सांगायला हवं.

खोकं क्रमांक एक गेलं. मेहुणा म्हणाला, भावोजी, खालपर्यंत येता का जरा, जड आहे. मी म्हटलं, रेकॉर्ड लगेच पुसून कव्हरात घालावी लागते, नाहीतर धूळ बसते. एकटाच घेऊन गेला. चार मजले. तब्येत चांगली आहे त्याची.

मंगळवार, ७ मार्च. सकाळी ८.

संकल्प: १) रोज गरम जेवायचं. २) कपडे धुवायच्या मशीनचं पुस्तक वाचायचं. ३) तिच्या बाजूची उशी वापरायची नाही, ती तिची आहे.

मंगळवार, ७ मार्च. रात्री ८.

बिस्किटं. पुस्तक सापडत नाही, कुठे ठेवलंय ते तिला माहीत. उशीचं म्हणाल तर एकदाच घेतली, वास बघायला.

रविवार, १२ मार्च. दुपारी १.

आज ताल शिकवला. एक दोन तीन चार पाच सहा सात, बोटांवर. मेहुणा म्हणाला, सातवर चाक डगमगतंय, एका टायरमधे हवा कमी आहे. म्हटलं तीच तर गंमत. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर मारेल मला.

खिडकीतून पाहिलं. टेम्पो समोरच्या फुटपाथला लावलेला. पुढच्या सीटवर कोणीतरी बसलेलं, वरून फक्त कोपर दिसतं. क्लीनर असणार. माझ्याने राहवलं नाही. मेहुण्याला स्पष्ट सांगितलं, तू इथे सावलीत संगीत ऐकतोस आणि तो माणूस उन्हात, बरं दिसत नाही. मेहुण्याने खिडकीतून खाली पाहिलं. म्हणाला, वर चला म्हटलं तर नाही म्हणतात. मी म्हटलं, ठीक आहे मग, सक्ती करू नये.

क्लीनरलाही अहोजाहो करतो. संस्कार चांगले आहेत या घरात.

रविवार, १९ मार्च. दुपारी १.

मेहुणा म्हणाला, आज माझं एक ऐकायचं. फोनवर लावलं. चार मिनिटांचं गाणं. मी मोकळ्या मनाने बसलो. वेळ फुकट जाऊ नये म्हणून गाणं चालू असतानाच त्याला गाण्याच्या मर्यादा समजावून सांगितल्या: तोच ताल, तेच तीन सूर, कुठे जायचंय तेच ठाऊक नाही. गाणं संपलं कधी ते कळलंच नाही, इतकं ते किरकोळ.

मेहुणा म्हणाला, ताई केस वाळवताना हेच म्हणायची, आठवतं का. मी म्हटलं अर्थात.

आठवत नाही. मला हेअर ड्रायरचा आवाज आठवतो. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला मी तिला हेडफोन दिले होते, म्हणजे तिला तिचं ऐकता यावं आणि मला माझं. ते आजच्या खोक्यात होते. पॅकिंगसकट.

शुक्रवार, २४ मार्च. दुपारी ४.

कामावर डोकं फिरलं. एक आजोबा, बटणच दाबेनात. बीप वाजतेय, हे नुसते बसून. बाहेर काढून विचारलं तर म्हणतात, ऐकू आली होती हो, पण मला वाटलं अजून मोठी येईल. त्यांची बायको शेजारी उभी. मी चांगलंच सुनावलं. ऐकू आल्याबरोबर दाबायचं असतं, मागाहून दाबून काय उपयोग, यंत्रात ते ऐकू न आल्यासारखंच धरलं जातं. बाई म्हणाल्या, मी चाळीस वर्षं हेच सांगते यांना. हसायला लागल्या दोघंही. लोकांना गांभीर्य नाही.

रविवार, २६ मार्च. दुपारी २.

मेहुणा म्हणे, आज दोन खोकी द्या, ताई विचारतेय इतका वेळ का लागतो. ठाम राहिलो. एकच दिलं. त्यातही हिवाळी कपडे होते, मार्च संपत आला तरी. आता हिवाळी कपडे आधी मागवून घेणारी बाई कायमची जायला निघालेली नसते.

तिला सविस्तर मेसेज पाठवला. तेवीसमधली शांतता म्हणजे शेवट का नव्हे, सात मुद्दे. मेसेज वाचला गेल्याची खूण आली. उत्तर नाही. विचार करत असणार. मुद्दे सात आहेत, वेळ लागेलच.

रविवार, २ एप्रिल. दुपारी १.

विजय! मेहुण्याने आपण होऊन तेवीस लावायला सांगितलं. म्हणाला, दुकानातला कॉम्प्रेसर सातच्या तालात धडधडतो, आठवडाभर बोटं मोजतायत. सहाव्या मिनिटाला गाणाऱ्याच्या चार ओळी बरोबरीने म्हणाला. शांतता आली तेव्हा श्वास रोखून बसला. ऑर्गन आला तेव्हा डोळ्यांत पाणी. माझ्याही होतं, पण माझं नेहमीचं.

जाताना दारात घुटमळला. काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, मला नको, तिला सांग. तो म्हणाला, भावोजी, निदान आज तरी खोकं धरून खाली चला. रेकॉर्ड तशीच प्लेअरवर होती. म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की.

शनिवार, ८ एप्रिल. संध्याकाळी ५.

घर आवरलं. उशीला नवा अभ्रा. ती परत आल्यावर तिला बसायला म्हणून खिडकीजवळची खुर्ची रिकामी केली. तिच्यावर रेकॉर्ड होत्या, नऊ वर्षं.

रविवार, ९ एप्रिल. सकाळी ११.

टेम्पो आला. पुढची सीट रिकामी. क्लीनरला शेवटी सुट्टी दिली वाटतं. बोलल्याचा परिणाम होतो माणसावर.

रविवार, ९ एप्रिल. दुपारी ३.

मेहुण्याने रेकॉर्ड लावू दिली नाही. शेवटचं खोकं आणि मशीन दाराशी नेऊन ठेवलं आणि बसला. मी सरळ विषय काढला. म्हटलं, आता तुझे कान तयार झाले, आता तू ताईशी बोल.

तो म्हणाला, पहिल्या रविवारची बेल आठवते का.

कुरिअरची?

ताई होती, म्हणाला. मी आधी वर आलो, ती मागून आली. दारापाशी आली तर आत तेवीस चालू. चालू असताना तुम्हाला बेल ऐकू येत नाही हे तिला माहीत. म्हणून थांबली. जिन्यात, भिंतीला टेकून. तिला सगळं पाठ आहे, भावोजी. कुठे गाणारा येतो, कुठे जातो, कुठे गप्प होतात. म्हणाली, ते चार सेकंदच असतात, तेवढ्यात वाजवते. तेवढ्यात वाजवली. मी उठलो होतो. तुम्ही हात धरलात.

मी म्हटलं, मग नंतर का नाही सांगितलंस.

शपथ घातली होती तिने. आज सोडवली. पुढचे चारही रविवार ती खाली टेम्पोत होती. वर यायची नाही. म्हणायची, एखादं खोकं घेऊन तो स्वतः खाली आला तर बघू. आज आली नाही. आज तिने सकाळी नवीन घराचं कुलूप उघडलं.

मी विचारलं, चिडली आहे का. नाही म्हणाला. चिडली असती तर बरं झालं असतं.

शिलाई मशीन मी उचललं. चार मजले. दोन ठिकाणी टेकवावं लागलं. टेम्पोच्या पुढच्या सीटवर तिची पाठीला लावायची छोटी उशी होती, मधे दबलेली. मेहुण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी चालू केली. मी फुटपाथवर उभा. इथून आमची खिडकी दिसते. उघडी असली की आतलं सगळं ऐकू येत असणार.

मला बेल ऐकू आली होती. दोन्ही कान नॉर्मल आहेत. ऐकू आली होती.

बुधवार, १२ एप्रिल. सकाळी ७.

फ्रिजवरचा आलेख काढला. मागे चिकटपट्टीचे चार डाग राहिले.

रविवार, १६ एप्रिल. दुपारी १२.

कोणी यायचं नव्हतं. तरी अकराला तयार होऊन बसलो. तेवीस लावली. खिडकी उघडी ठेवली. चौदाव्या मिनिटाला शांतता आली आणि मी सुई उचलली. आयुष्यात पहिल्यांदा. दार उघडून उभा राहिलो. चार सेकंद झाले. चाळीस झाले. मग काही मोजलं नाही.

जिन्यात काठीचा आवाज आला. वाटलं ती आली, तिच्या पायाला काही लागलं की काय.

खालच्या आजी होत्या. धापा टाकत वर आल्या. म्हणाल्या, आज मधेच बंद केलंत, बरं नाही का तुम्हाला? मी म्हटलं, बरं आहे, संपलं. त्या म्हणाल्या, असं कसं, अजून नऊ मिनिटं असतात, मला पाठ झालंय. मी म्हटलं, नाही आजी, संपलं. त्या बरं म्हणाल्या आणि कठडा धरून सावकाश खाली गेल्या.

त्या गेल्यावर दार ओढून घेतलं, बाहेरूनच, आणि बेल दाबून पाहिली. चालू आहे. आत कोणी नव्हतं तरी जिन्यापर्यंत स्वच्छ ऐकू येते.