बत्तीस चहा आणि एक नाक

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. कंबर धरल्यामुळे तो उभ्या उभ्याच घालतो आहे, गोड मानून घे. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला अजून बैठकीतच मुक्काम ठोकून आहे का? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे ही पूर्ण मजेत आणि मी नाक सोडून.

नाकाचं तुला कळवायचं राहूनच गेलं. मागच्या थंडीत जबर सर्दी झाली, ती गेली आणि जाताना वास घेऊन गेली. (माझा नव्हे, मला येणारा.) फर्निचरला पॉलिश करणाऱ्याचं नाक जाणं म्हणजे शिंप्याचे डोळे जाणं. पॉलिश वाळलं की नाही हे मी जन्मभर वासावर ओळखत आलो; बोट लावून बघावं तर ठसा उमटतो. अशात एक मुख्याध्यापक आपली खुर्ची न्यायला आले. म्हटलं, जरा बसून तर बघा. ते बसले. उठले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. त्या दिवशी ठरवलं, नाक परत आणायचंच, मग काय वाटेल ते होवो.

डॉक्टर म्हणाले, नाकाला व्यायाम हवा, रोज निरनिराळे वास हुंगा. त्यांनी लवंग, निलगिरी असलं काहीबाही लिहून दिलं. मी सांगितलं, नुसतं हुंगून बाजूला ठेवणं माझ्या स्वभावात नाही, हुंगून प्यायचं असेल तर बोला. असा चहा ठरला. घरात आठ डबे आले. काळा, हिरवा, पुदिन्याचा, गुलाबाच्या पाकळ्यांचा वगैरे. आता चूक माझीच. दुकानात ओल येते म्हणून पॉलिशच्या लाखेचा डबा मी घरी चहाच्याच फळीवर आणून ठेवला होता. लाखेचे तुकडे दिसायला थेट चहाच्या पत्तीसारखे. (अंधुक उजेडात तर जास्तच.) मी ते चांगले पाच मिनिटं उकळले, कप भरून घेतला आणि हिला म्हणालो, हा जरा सौम्य आहे. गाळणी आणि पातेलं एकमेकांना अशी चिकटली आहेत की आता ती एकच वस्तू म्हणून वापरतो.

मग हिनेच सुचवलं, की घरातली भांडी जगायची असतील तर बाहेर जाऊ. चौकातल्या नव्या रेस्टॉरंटात बत्तीस चहांचं कार्ड आहे. मी ते वरून खाली, एकही न गाळता प्यायचं ठरवलं. दर शनिवारी दुपारी दोन चहा. पहिल्याच दिवशी वाटीत गरम पाणी आणि लिंबाची फोड आली, ती मी डोळे मिटून प्यायलो आणि लिंबाच्या चहाची तारीफ केली. ते बोटं धुवायचं पाणी होतं. वेटर भला माणूस, त्याने दुसरी वाटी आणली.

वास मला येईना, म्हणून तो कसा आहे हे सांगायचं काम हिच्याकडे आलं. तुला ठाऊकच आहे, तुझी भावजय दिवसभरात बोलते किती, तर 'गॅस बंद करा' इतकंच. पण धुरी दिलेला चहा आला तेव्हा तिने कप नाकाशी धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. मग म्हणाली, "वडिलांनी माझी चित्रांची वही शेगडीत घातली होती, त्या दुपारचा वास आहे."

सव्वीस वर्षांच्या संसारात ही चित्रं काढायची हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, कसली चित्रं? तिने सांगितलं. चहा गार झाला, दुसरा मागवला, तोही गार झाला. तेव्हापासून प्रत्येक कपात काहीतरी निघतं आहे. कुठल्या चहात तिची शिवणाची शाळा, कुठल्यात मला बघायला आली तेव्हाची आमच्या घरातली ओली भिंत.

आजवर बावीस झाले, दहा राहिले. नाक अजून ढिम्म आहे, पण मी हटणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं पत्र ही वाचणार म्हणून तसं लिहिलं. हा कागद वेगळा घालतो आहे. ताई, नाक एकोणिसाव्या चहालाच परत आलं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर विसावा चहा कशाला झाला असता? आता बत्तीस संपत आले, म्हणून तुला गळ घालतो. तू हिला एक पत्र लिही, की तुझ्या शेजारणीचं असंच नाक गेलं होतं आणि परत यायला दोन वर्षं लागली. शेजारीण नसली तरी लिही.

ता. क. वन्सं, ह्यांनी पाकिटावर तुमच्या जुन्या घराचा पत्ता घातला होता, म्हणून उघडावं लागलं. नाक आल्याचं मला त्याच आठवड्यात कळलं. पातेल्यावरचं झाकणही काढलं नव्हतं, तर हे म्हणाले दूध नासलंय. मीही काही बोलले नाही. दोन वर्षं फार थोडी होतात. तुम्ही पाच लिहा.