धोंड्याच्या जेवणाआधी

रेणापूर,
२ जून २०२६

प्रिय आक्का,
साष्टांग नमस्कार.

इकडं सगळे बरे आहेत. आईचा गुडघा तसाच. बाबांनी सोयाबीनचं बियाणं आणून ठेवलंय अन् आभाळाकडं बघत बसतात. तुझी भार्गवी सुट्टीत मजेत आहे असं आईनं तुला सांगितलंच असेल. हे पत्र सिंधुमावशीच्या हाती देतोय, ती उद्या नांदेडला तुमच्याच गल्लीत परत चालली. तुझा फोन दाजी बघतात, आणि माझा फुटला. कसा ते पुढं सांगतो.

रविवारी धोंड्याचं जेवण ठरलंय. अधिक महिना सरायच्या आत जावयाला जेवू घालायचंच, असा बाबांचा हट्ट. दाजींना कपडे, तुला साडी, चांदीचं निरांजन, सगळं आणून झालं. आई पुरणाचे धोंडे करणार, बाबा जावयाचे पाय धुणार. आणि जेवण झालं की दाजी भार्गवीला घेऊन जाणार, शाळा सुरू होते म्हणून. बाबा म्हणतात, "मान दिला की माणूस वळतो, शिवा. तापट हाय, वाईट न्हाई." मार्चमधी तुझा हात मोडला आणि तू जिन्यावरून पडले म्हणालीस, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

काल आई निरांजन घासू राहिली होती. भार्गवी शेजारी.

"आजी, हे सगळं पप्पाला कशामुळं?"

"या महिन्यात जावई म्हणजे नारायण असतो बाई."

"देवाला राग आला की तो पण मारतो का?"

आईनं तिला उठवून अंगणात पाठवलं.

मी लई भडकलो. चुलत्याचा पंढरी ओसरीवर बसला होता, त्याला म्हणालो, "येऊ दे रविवारी. पाटावरच हाणतो त्याला."

"हाव. अन् मग जेलमधी खा धोंडे," पंढरी म्हणाला. आम्ही हसलो. भार्गवी दाराआड होती. जेवताना तिनं हळूच विचारलं, "मामा, रविवारी मी कुठं लपू? नांदेडला पलंगाखाली जागा हाय. इथं पलंगच नाही."

आठ वर्षांची पोरगी, आक्का.

मी म्हणालो, मी असताना तुला कुणी बोट लावणार नाही. तिनं मान हलवली, पण ती माझं मन राखायला. तिला पटलं नव्हतं, आणि कसं पटेल? आता फोनचं सांगतो.

मागच्या गुरुवारी मालविकाचा साखरपुडा झाला. हो, तीच. जिच्यापायी मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून आलो आणि घरी काहीतरी भलतंच सांगितलं. मी तिला विसरलो नाही, विसरणारही नाही, ते जाऊ दे. फोन लावला. ती म्हणाली, "शिवा, तू मला कधी मारलं नाहीस. पण तुझा आवाज चढला की मी आधी दार कुठं आहे ते बघायचे. असं आयुष्यभर नाही जमणार." मी फोन भिंतीवर फेकला. मग स्टूल. मग तोंडाला येईल ते बरळलो. मला वाटलं खोलीत मी एकटाच आहे.

भार्गवी कपाटामागं चित्र रंगवत बसली होती. तिनं आधी चपला घातल्या. मग केरसुणी आणून काचा गोळा केल्या. मग तांब्याभर पाणी आणलं आणि लांबूनच हात पुरवून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, "पाणी प्या. आजीला मी सांगते, माझ्या हातून पडला."

रडली नाही. सगळं पाठ असल्यासारखं केलं.

मला आपलं घर आठवलं. बाबा ताट भिरकावायचे तेव्हा तू मला ज्वारीच्या कणगीमागं न्यायचीस, माझे कान दाबून धरायचीस. तुझे कान कुणी धरले नाहीत. बाबा आता म्हातारे झाले, नातीला आंबे कापून देतात, म्हणून आपण ते कधी बोलत नाही. पण सोसायला तू तिथंच शिकलीस, अन् फोडायला मी.

तर माझं ठरलंय. दाजींवर हात टाकणार नाही. माझा मलाच भरवसा नाही, म्हणून पंढरीला शेजारी बसायला सांगितलंय. पण भार्गवी नांदेडला जाणार नाही. आज सकाळी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "लोक काय म्हणतील? जावयाला जेवायला बोलावलं अन् लेकरू ठेवून घेतलं?" मी म्हणालो, "म्हणू द्या." आवाज न चढवता म्हणालो. आई बाबांच्या बोलण्यात कधी पडत नसते. आज मात्र धोंड्यासाठी निवडलेली डाळ तिनं बाबांच्या देखत परत डब्यात ओतली.

तू शनिवारीच ये, एकटी. आईचा गुडघा जास्त दुखतोय म्हणून सांग. भार्गवीचा शाळेचा दाखला काढून आण, इथल्या शाळेत मी नाव घालतो. तू राहायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी ओरडणार नाही. पण लेकीला एकदा विचार. ती तुझी वाट बघते, पण मम्मी ये असं म्हणत नाही. म्हणते, "मम्मी इकडं आली तर पप्पाला जेवायला कोण देईल? मग ते रागवतील."

आलीस की तिच्यासमोर माझ्याशी जरा हसून बोल. मी खोलीत गेलो की ती अजून रंग टाकून उठून उभी राहते.

तुझी लेक सध्या ज्याला घाबरते, तो तुझा भाऊ,
शिवा