व्हॅनपाशी कोणीतरी हवंच

५ ऑक्टोबर, रविवार. अंबरनाथ.

डॉक्टरांनी राग बंद करायला सांगितलाय. बीपीची गोळी चालूच, शिवाय राग आला की बोलू नका, लिहून काढा म्हणे. म्हणून ही वही. खरं म्हणजे मला राग येतच नाही. लोक मूर्खपणा करतात, मी तो फक्त दाखवून देतो. पण लिहायला काय जातंय.

रिटायरमेंटची भेट म्हणून शलाकानं इटलीची ग्रुप टूर शोधली होती. मुलगी पुण्यात बसून बापाला बसमध्ये कोंबणार. पुढे झेंडा घेतलेला पोरगा, मागे आम्ही मेंढरं. मी सरळ नाही म्हणालो. मोरिवलीच्या केमिकल कंपनीत आख्खी हयात शिफ्ट चालवली, आता मला कोणी शिट्टी वाजवून लघवीला सोडणार? कॅम्परव्हॅन भाड्यानं घ्यायची. आपली गाडी, आपला गॅस, आपला बिछाना. उंब्रिया नावाच्या भागात डोंगरमाथ्यावर जुनी गावं आहेत, त्यातली अकरा निवडली. रोज एक.

संध्या म्हणाली, तुम्ही शेवटची मोठी गाडी कधी चालवलीत?

बायकोनं नवऱ्याला विचारायचा प्रश्न आहे का हा?

१२ ऑक्टोबर, रविवार.

कुळगावला प्रॅक्टिस. हिरामणची टेम्पो ट्रॅव्हलर, मोकळं मैदान. रिव्हर्स फर्स्ट क्लास. फक्त गोलपोस्ट चुकीच्या जागी होता. हिरामण म्हणाला, बाळाजी, तो वर्षानुवर्षं तिथंच आहे. एवढी जुनी मैत्री, आणि माणूस एका इंडिकेटरसाठी तोंड पाडून बसला. चहासुद्धा विचारला नाही.

मोबाइलवर इटालियन शिकणं जोरात. आजचं वाक्य: मुलगा सफरचंद खातो. उच्चार एकदम तिथल्यासारखा आलाय.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

उल्हासनगर. दिवाळीची गर्दी. जॅकेट घेतलं, भगवं, लांबून उठून दिसेल असं. सिंधी दुकानदार म्हणाला, साई, बर्फ में भी पसीना आएगा. भाव मी केला. उत्तम केला. संध्यानं तिचं जॅकेट समोरच्या दुकानातून घेतलं. का? तर म्हणे त्याची चेन नीट लागते. माझीही लागते. जरा ओढावी लागते.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

उद्या विमान. संध्यानं चकलीचा आख्खा डबा बॅगेत घातलाय. मी म्हणालो, युरोपात अन्न मिळतं. ती म्हणाली, माणसंही मिळतात, त्यांना काय देणार? राग लिहून काढला. हा बघा, इथे.

२७ ऑक्टोबर, सोमवार. रोमच्या बाहेर.

व्हॅन ताब्यात. भाड्यानं देणारा पोरगा एकेक बटण समजावत बसला. अर्ध्यातच थांबवला. बॉयलरचे व्हॉल्व्ह ज्यानं सांभाळले त्याला पाण्याची टाकी शिकवतोय.

स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे चूक त्यांची. इंडिकेटर दिला की वायपर चालू होतो. मागून सगळे हॉर्न मारतात. संध्या शेजारी बसून सारखा पाय दाबत होती. मी म्हणालो, तिकडे ब्रेक नाही. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणून तर दाबतेय.

२९ ऑक्टोबर, बुधवार. मोंतेफ्राना गावाखाली.

पहिलं गाव. पायथ्याशी मोठा पार्किंगतळ, तिथून वर जायला छोटी बस. सगळे भेकड ड्रायव्हर गाड्या खालीच लावतात. आम्ही वर गेलो.

गावाच्या वेशीत दगडी कमान आहे. सातशे वर्षांपूर्वी बांधली म्हणे. बांधताना पुढचा विचार करायला काय झालं होतं? व्हॅन निम्मी आत गेली आणि बसली. पुढे जाईना, मागे येईना. वरच्या खिडक्यांतून बायका बाहेर आल्या. हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन आली. एक म्हातारा काठीनं कमान ठोकून बघत होता, तिला काही झालं नाही ना म्हणून. व्हॅनकडे बघितलंही नाही.

पोलीस आला. भरभर बोलायला लागला. मी शांतपणे इटालियनमध्ये उत्तर द्यायचं ठरवलं. तोंडातून आलं, मुलगा सफरचंद खातो. त्यानं आजूबाजूला बघितलं. कोणता मुलगा, असं काहीतरी विचारलं असावं. मग सगळे हसायला लागले. संध्यासुद्धा. तिनं तोंडावर पदरासारखा मफलर धरला होता, पण खांदे हलत होते.

शेवटी चाकांतली हवा कमी करून, पोलिसानं स्वतः स्टिअरिंगवर बसून गाडी मागे काढली. मला त्यानं रस्त्याच्या कडेला उभं केलं होतं. कडेला! डाव्या बाजूला लांबलचक ओरखडा. आरसा गेला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. पार्किंगतळ.

नवीन धोरण: बेस कॅम्प. रोज गाव बदलणं हा उथळपणा आहे. एका जागी राहून भाग समजून घ्यायचा. संध्या म्हणाली, म्हणजे आता व्हॅन हलवायची नाही? मी म्हणालो, हलवायची नाही असं नाही, गरज नाही.

ती म्हणाली, मग बसनं वर जाऊ या दोघं. परवा आपण गाव बघितलंच नाही, नुसते अडकलो.

पण व्हॅनपाशी कोणीतरी हवंच. आत पासपोर्ट, सामान, सगळं. एक आरसा तर गेलाच आहे. ती म्हणाली, कुलूप आहे ना? कुलूप! कुलपावर विश्वास ठेवणाऱ्यांनी कारखाने चालवले नाहीत म्हणून देश टिकला.

शेवटी ती एकटी गेली. मी खुर्ची टाकून बसलो. जॅकेटची चेन तुटली.

२ नोव्हेंबर, रविवार.

संध्या काल पण गेली, आज पण. शेजारच्या व्हॅनमधली मार्गा नावाची डच बाई तिच्याबरोबर असते. संध्याचं इंग्रजी बालवाडीत शिकवण्यापुरतं, मार्गाला मराठी येत नाही, आणि दोघी तासन्‌तास बोलतात. काय बोलतात?

घरातलं वातावरण सुधारावं म्हणून मी पुढाकार घेतला. रस्त्याच्या टपरीवर शेवंती होती. पिवळी, मोठी, आपल्या गौरीला असते तशी. हा एवढा गुच्छ घेतला. तळावर परत येतोय तर पाण्याच्या नळाजवळच्या माणसानं टोपी काढली. एका म्हातारीनं माझा हात हातात घेतला आणि डोळे पुसले. मार्गा धावत आली, कोण गेलं विचारायला लागली. इथे म्हणे शेवंती फक्त थडग्यांवर ठेवतात आणि आज त्यांचा पितरांचा दिवस.

एवढा मोठा देश, फुलांचं साधं कळत नाही.

संध्यानं त्यातली दोन फुलं काढून केसांत माळली आणि तशीच बसनं वर गेली. बसमधल्या बायकांनी छातीवर क्रॉसच्या खुणा केल्या म्हणे. आल्यावर सांगताना हसून हसून तिला ठसका लागला. मला त्यात विनोदी काही वाटलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

संडासाची टाकी रिकामी करायचं काम माझं. सुटकेससारखी असते, चाकं लावलेली, ओढत न्यायची. कंपनीत आख्खा सांडपाण्याचा प्लँट माझ्या सहीवर चालायचा. आज एक जर्मन माणूस मला म्हणाला, झाकण उलटं लावलंय. मी ऐकलं नाही. झाकण उलटं लागलं होतं. जास्त लिहीत नाही.

बूट धुतले. मग आंघोळ केली. मग परत बूट धुतले.

संध्या परवापासून शेजारचीही गावं बघून येते. सार्वजनिक बसनं! अकरापैकी चार झाली तिची. माझं नियोजन, आणि बघणार ती. रात्रीचं जेवताना सांगत होती, एका गावात गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या बायका खिडकीतून एकमेकींना मीठ देतात. मी म्हणालो, आमच्या मोरिवलीतही द्यायचे. ती म्हणाली, हो, पण मोरिवलीतही तुम्ही कुठे बघितलंत, ड्युटीवर असायचात.

मी रागावलो नाही. पोळी अर्धी टाकून उठलो, कारण भूक नव्हती.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

ती चारच्या बसनं खाली येते. आज आली नाही. साडेचारच्याही नाही. फोन लागेना. मार्गा तळावरच होती, आज गेली नव्हती, म्हणाली काळजी करू नका. मी काळजी करत नव्हतो. मी चिडलो होतो. माणसानं वेळ सांगितली की पाळावी.

बसची वाट न बघता पायऱ्यांनी निघालो. कुलूप लावलं. अर्ध्या वाटेत दम लागला. डोक्यात काय काय यायला लागलं. पडली असेल. रस्ता चुकली असेल. कोणाला काय सांगेल, कसं सांगेल? तिला अॅड्रेस तरी माहीत आहे का? पुढे जवळजवळ पळालोच. कमानीखालून जाताना मान खाली घातली.

आत चौक आहे. कारंजं, चर्च, मधे शेकोटीवर लोखंडी कढई, तिच्यात चेस्टनट भाजत होते. भोवती गावातल्या म्हाताऱ्या. मधोमध संध्या. सुखरूप. चकलीचा डबा सगळ्यांत फिरत होता.

ती उभी राहून काहीतरी करून दाखवत होती. मान ताठ, पोट पुढे, एक बोट हवेत. मग जॅकेटची चेन ओढल्यासारखं करायची, चेन लागायची नाही, परत बोट हवेत. मराठीतच बोलत होती. म्हाताऱ्या एकमेकींवर पडून हसत होत्या. एकीच्या तर डोळ्यांतून पाणी.

आवाज हुबेहूब होता. कोणीही ओळखला असता. मीच ओळखला.

मी खांबाच्या मागे थांबलो. पुढे जाऊन काय म्हणणार होतो? परत आलो. कुलूप शाबूत होतं.

ती सहाला आली. म्हणाली, सॉरी, चेस्टनट भाजत होते, निघूच देईनात. तुमच्यासाठी आणलेत. मी म्हणालो, मला नकोत. दिवसभर इथे बसून कंटाळा आला असेल ना, म्हणाली. मी म्हणालो, ड्युटी आहे, कंटाळून कसं चालेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

सकाळी ती लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, काल आला होतात ना वर?

मी म्हणालो, छे. व्हॅन कोण बघणार?

ती म्हणाली, तुमचं जॅकेट ओळखते मी. आख्ख्या इटलीत तो रंग एकच आहे. आलात तर बसला का नाहीत?

मी म्हणालो, माझी टिंगल चालली होती तिथे बसू?

तिनं पुढची पाकळी घेतली. मग म्हणाली, त्यांनी विचारलं, तुझा नवरा रोज खाली का बसतो, आजारी आहे का? मला इटालियन येत नाही. मग करून दाखवलं कसा आहे ते. हसल्या त्या. पण एवढं सगळं मला एकटीला बघायला आणलंत का? शलाकाची टूर काय वाईट होती? तिथे निदान तुम्ही बाजूच्या सीटवर असता.

ओरडली असती तर मला बोलता आलं असतं. ती ओरडली नाही. लसूण पुरे झाला होता तरी सोलतच राहिली.

मी बाहेर जाऊन टायरची हवा तपासली. चारही टायर ठीक. परत तपासली.

दुपारी ती वर गेली नाही. व्हॅनमध्येच पडून राहिली. हे मला अजिबात आवडलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार.

शेवटचा दिवस. सकाळीच जाहीर केलं, आज मी वर जाऊन पाहणी करणार आहे, यायचं असेल तर ये. व्हॅन डच मार्गाच्या ताब्यात दिली. तिला सूचना सगळ्या दोनदा सांगितल्या. तिनं सॅल्यूट ठोकला. त्याचीही टिंगल असावी, पण सोडून दिलं.

बस सुटली तेव्हा धुकं होतं. मी म्हणालो, वर गेल्यावर फिटेल. वर जास्त होतं. बसमधून उतरलो तर समोरची कमान दिसेना. आता मला सांगा, सगळे दिवस लख्ख ऊन, आणि मी आलो त्या दिवशी हे. तक्रार करायला पाहिजे. कोणाकडे ते बघतो.

संध्या आधी हसली. मग माझी बाही धरली आणि चालायला लागली. इथे पायरी आहे. हे कारंजं, हात लावा, गार आहे. डावीकडे चर्च. मला काही दिसत नव्हतं, मी हो हो म्हणत होतो. गल्लीच्या टोकाला दगडी कठडा लागला. म्हणाली, इथून सगळी दरी दिसते. द्राक्षांचे मळे लाल झालेत, झाडं पिवळी. रस्ता असा वळत जातो. आणि इथे, बरोबर खाली, आपली व्हॅन.

मी खाली बघितलं. पांढरं.

ती म्हणाली, रोज इथे उभी राहायचे मी. शेजारी खुर्ची टाकून बसलेले तुम्ही दिसायचात. मी हात हलवायचे. जोरजोरात. तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत.

मी म्हणालो, ऊन डोळ्यांवर यायचं.

ती म्हणाली, हं.

फिटेपर्यंत थांबू, म्हणाली. थांबलो. कठडा ओला होता, बसलो तशी पँट भिजली. तिनं बाही सोडली नव्हती.

शेवटच्या बसपर्यंत थांबलो. फिटलं नाही.