टाकीत टाकलेला खेकडा

ताई,

हसू नकोस, पण आज एका ऑक्टोपसमुळे तुझी आठवण आली.

प्रयोगशाळेत मी त्यांच्या वाढीचं गणित मांडते: किती खाल्लं, किती अंगी लागलं, किती हालचालीत खर्ची पडलं. एका मादीचं गणित अंडी घालेपर्यंत चोख जुळलं. मग तिचं वजन घसरायला लागलं. वजनाचा काटा बिघडला असेल म्हणून मी तो दोनदा बदलून घेतला. शेवटी टाकी सांभाळणारे काका वैतागले.

"मॅडम, काट्याला कशाला दोष देता? महिना झाला, ती खातच नाही. खेकडा दिला की बाजूला सारते आणि अंड्यांवर पाणी मारत बसते. पिल्लं बाहेर पडली की जाईल बिचारी."

टाकीत टाकलेला प्रत्येक खेकडा तिने खाल्लाच, असं मी धरलं होतं. काकांना विचारायचं मला सुचलंच नाही.

आई गेल्यावर तू आम्हा तिघांना वाढवलंस. तुझे कपडे ढगळ दिसायला लागले, तेव्हा मी शिंप्याला नावं ठेवली होती. तू हसलीस आणि माझ्या ताटात आणखी भात वाढलास.

आता आम्ही तिघंही मार्गी लागलोय. तरी फोनवर तुझं तेच, "माझं झालं गं मघाशीच."

उद्या दुपारी डबा घेऊन येतेय. तू जेवेपर्यंत समोरून हलणार नाही. म्हणूनच हे पत्र टाकत नाही. आधी कळवलं, तर मी पोचायच्या आत तुझं जेवण 'मघाशीच' झालेलं असेल.

तुझी,
काटे बदलत बसलेली धाकटी