‘आश्रित द्वीपप्रदेश’ आणि माझी आई

प्रति,
मा. उपसचिव,
परराष्ट्र करार शाखा, राजधानी

विषय : आईच्या उपचारासाठी समोरच्या किनाऱ्यावर जाण्याचा पास पुन्हा देण्याबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. ४ मार्च.

महोदय,

आपले पत्र तीनदा वाचले. अर्थ लागला, अक्कल सापडली नाही.

१. शेजारी देशाशी झालेल्या तहानुसार ‘आश्रित द्वीपप्रदेशातील रहिवाशांना’ तिकडच्या रुग्णालयात उपचाराचा हक्क आहे. माझी आई त्यावर सहा वर्षे डायलिसिस घेत आली. लाँचने चाळीस मिनिटे लागतात. लाँच मीच चालवतो.

२. जानेवारीत आपण घटना दुरुस्त करून आमच्या बेटाला ‘तालुका’ केले. बँड वाजला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! तालुक्याच्या दवाखान्यात रक्तदाब मोजायचे यंत्रही बंद आहे.

३. आता आपण म्हणता, ‘द्वीपप्रदेश’ उरला नाही, सबब हक्कही उरला नाही. आपले लिपिक फोनवर म्हणाले, “काका, तहातली जागाच आता नाहीये, मग पास देऊ कुठला?” मी धक्क्यावर उभा राहून बोलत होतो. बेट पायाखालीच होते.

४. तहावर सही देशाची आहे, बेटाची नव्हे. पोराचे नाव बदलले म्हणून बापाने दिलेला शब्द फिरत नाही, एवढे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळते. आपल्याकडे पदव्या असल्याने अडचण झाली असावी.

५. त्याच तहाने शेजारी देश ‘आश्रित द्वीपप्रदेशाच्या’ खाडीतल्या खडकावर दिवा लावतो. त्या उजेडात आपली सरकारी जहाजे आजही बिनदिक्कत ये-जा करतात. म्हणजे दिव्यापुरते बेट आहे, आईपुरते नाही.

६. समोरच्या रुग्णालयाची हरकत नाही. तिथल्या परिचारिकेने दोनदा विचारले, आजी का येत नाहीत. लाज वाटली म्हणून आपले कारण सांगितले नाही. आईची तीन डायलिसिस चुकली आहेत. पाय सुजले आहेत, झोपले की धाप लागते, म्हणून ती बसूनच असते.

७. तरी पास त्वरित द्यावा. न दिल्यास येत्या मंगळवारी सकाळी सहाला मी तिला विनापास नेणार आहे. अडवायचे असल्यास पोलीस पाठवू नयेत, स्वतः यावे. तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही. तेव्हा ‘तुम्ही राहता ती जागा तहात नाही’ हे डाव्या कानाशी वाकून, मोठ्याने सांगावे.

अजून तरी नम्र,
(सही)
लाँचचालक, आपल्या मते अस्तित्वात नसलेले बेट
दि. १३ मार्च

सोबत : डॉक्टरांचे पत्र, तहाची प्रत, आपल्या कार्यालयात नसावी म्हणून.