विहाराचा ॲम्प्लिफायर

बाबा, तुम्ही विहारासाठी बनवलेला ॲम्प्लिफायर माझ्या हातून जळाला. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हे सांगायला मला दुसरं कोणी सुचत नाही.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी अड्याळच्या आपल्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही तो जुळवत होता. मी नववीत होते. तुम्ही चहाला उठलात आणि मी आतला बारीक स्क्रू फिरवला. परत आल्यावर तुम्ही माझा हात झटकलात. "काहून फिरवला वं? दोन्ही ट्रान्झिस्टर राख होतीन ना!" मी रडायला लागले, तेव्हा जवळ बसवून घेतलंत. "आयक. क्लास एमधी ट्रान्झिस्टर पूर्णवेळ चालू राह्यते, गाणं वाजो का नको वाजो. आवाज साफ, पण तापते लय. क्लास बीमधी दोघं अर्धं-अर्धं काम वाटून घेतेत. थंडे राह्यतेत, पण एक सोडते अन् दुसरा धरते, तेवढ्यात आवाज फाटते. म्हून हा क्लास एबी. काम नसलं तरी दोघायलेबी उलसं, नावापुरतं चालू ठेवाचं. किती, ते हा स्क्रू ठरवते." मग स्पीकरला कान लावून तुम्ही तो केसभर फिरवलात. "आता खरखर आयकू येते का?" मी नाही म्हटलं. "मंग झालं." मीटर तुम्ही नंतर लावायचात, खात्रीपुरता.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या आधी विहाराचे सचिवकाका ॲम्प्लिफायरची पेटी घेऊन आले. "आवाज दबून राह्यला, बाई. पाहून दे." सुकलेला कपॅसिटर बदलला आणि तुमच्यासारखा कान लावला. खरखर होती. स्क्रू फिरवला, तरी होती. अजून फिरवला. मीटर हाताशीच होता. पण मला वाटलं, मी तुमची लेक आहे, मला कशाला हवा. ट्रान्झिस्टरखालचा पत्रा हात लाववेना इतका तापला, आणि मग जळका वास आला. नागपूरहून जोडी जुळवून आणलेले तुमचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेले. तसे आता मिळत नाहीत. सुन्न होऊन मी रेडिओ लावला. त्यातही तीच खरखर. मोबाइलमध्येही तीच. बाबा, ती माझ्या कानांत होती.

तुमच्या पेटीत मी क्लास डीचा तळहाताएवढा बोर्ड बसवला. त्यातले ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा. मध्ये रेंगाळत नाहीत, म्हणून फारसे तापतही नाहीत. वंदनेनंतर काका सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईच्या बाबाचं मशीन, आवाज अजून तसाच आहे." मला ते त्यांच्या ओठांवरून कळलं. मी हात जोडले.

भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणतात, दोन्ही कान जात आहेत, थांबवता येणार नाही. मला दुसरं काही काम येत नाही, बाबा. गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याच्या ओठांकडे पाहते. हा कागद मी दुकानाच्या खणात ठेवणार आहे, घरी नेला तर कोणीतरी वाचेल.

काल लेकीचा पुण्याहून फोन आला. बराच वेळ बोलली, शेवटी काहीतरी विचारलं. मी "हो" म्हटलं. त्यावर ती हसायला लागली की रडायला, तेही मला कळलं नाही.